जस्त-शिशाच्या झोतभट्टीचं मॉडेल: सुरुवात कागदावरच्या ताळेबंदापासून

जस्ताची खोड अशी, की भट्टीत तयार झालं तरी ते लोखंडासारखं वितळून तळाशी बसत नाही. त्याचा उत्कलनबिंदू ९०७ अंश सेल्सिअस, आणि झोतभट्टीत त्याच्या ऑक्साइडचं क्षपण होतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघतो, ते त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला. म्हणजे जस्त जन्माला येतं तेच वाफ होऊन, आणि वायूबरोबर वर निघून जातं. त्या वायूत कार्बन डायऑक्साइड असतो. वायू जरा निवला की जस्त त्याच्याकडून ऑक्सिजन ओढून घेतं आणि पुन्हा पांढरी भुकटी होऊन बसतं. सगळी मेहनत पाण्यात.

उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांना ही खोड काही शतकांपूर्वीच कळली होती. वांग्याच्या आकाराच्या बंद मातीच्या मुशी, तोंड खाली, आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवून घ्यायची. उघड्या झोतभट्टीत हे जमायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ अ‍ॅव्हनमथ इथे तोडगा निघाला: जस्ताच्या वाफेला विचार करायला वेळच द्यायचा नाही, वायू भट्टीबाहेर पडला की वितळलेल्या शिशाच्या फवाऱ्यात एकदम थंड करायचा. हीच इम्पीरियल स्मेल्टिंग पद्धत. अ‍ॅव्हनमथची भट्टी २००३ मध्ये बंद झाली, पण तोवर ही पद्धत जपान, पोलंड, झांबिया, चीन असं करत जगभर पोचली होती. आपल्याकडे राजस्थानात चित्तोडगढजवळ चंदेरिया इथे १९९१ मध्ये अशी भट्टी सुरू झाली. मूळ क्षमता वर्षाला ७०,००० टन जस्त आणि ३५,००० टन शिसं.

तुम्हाला कुणी या भट्टीचं संगणकावर मॉडेल करायला सांगितलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. धातुशास्त्राची किंवा रसायन अभियांत्रिकीची पदवी आणि थोडंफार पायथन एवढं भांडवल पुरेल. एक अट: पहिले दोन आठवडे रंगीबेरंगी प्रवाहचित्रं काढायची नाहीत.

आधी भट्टी डोळ्यांपुढे आणा

वरून दोन गोष्टी पडतात: सिंटर, म्हणजे भाजून ढेकळं केलेलं जस्त-शिशाचं धातुक, आणि सुमारे ८०० अंशांना तापवलेला कोक. खालून ट्युअरमधून, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या नळ्यांमधून, तापलेली हवा येते. तळाशी शिसं आणि स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, जमतात, एकत्र बाहेर काढले जातात आणि बाहेरच्या कुंडात वेगळे होतात. सोनं, चांदी, तांबं बरंचसं शिशाबरोबर जातं, आणि भट्टीच्या अर्थकारणात ही बाब लहान नाही. वरच्या बाजूने जस्ताची वाफ घेऊन वायू कंडेन्सरकडे, म्हणजे शिशाच्या फवाऱ्याच्या त्या कक्षाकडे, जातो.

लोखंडाच्या झोतभट्टीवर काम केलेल्यांनी इथे सावध व्हावं. तिचा माथा थंड असतो, १५०-२०० अंशांच्या आसपास, आणि तो थंड असणं चांगलं मानतात. इथे माथा हजार अंशांच्या वर ठेवावा लागतो. लोखंडाचं तयार मॉडेल घेऊन त्यात 'लोह'च्या जागी 'जस्त' लिहिणारे मी पाहिलेत. त्यांचं मॉडेल चालतं, उत्तरंही देतं, फक्त ती उत्तरं कुठल्याच भट्टीची नसतात.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

'भट्टीचं मॉडेल' हा प्रश्न नव्हे. 'सिंटरमधलं शिसं वाढलं तर कोक किती लागेल?' हा प्रश्न आहे. 'माथ्यावरची हवा कमी केली तर कंडेन्सरमध्ये भुकटी वाढेल का?' हाही आहे. पहिल्याला ताळेबंद, म्हणजे आत काय आलं आणि बाहेर काय गेलं याचा हिशेब, पुरतो; दुसऱ्याला समतोलाचं, म्हणजे अभिक्रिया कुठे थांबते याचं, गणित लागतं. ट्युअरसमोर कोक कसा जळतो हे पाहायचं असेल तरच प्रवाहगतिकीचं जड सॉफ्टवेअर काढायचं. नवखे लोक उलट्या क्रमाने जातात, कारण शेवटच्याची चित्रं सुंदर दिसतात.

पायरी २: ताळेबंद

स्प्रेडशीट उघडा. सरावासाठी मी सोयीचे आकडे घेतो. ते खऱ्या भट्टीच्या जवळपास आहेत, पण कुठल्याही एका भट्टीचे नाहीत. सिंटरमध्ये जस्त ४२ टक्के, शिसं १८, लोह १०. माथ्यावरच्या वायूत जस्ताची वाफ ७ टक्के, कार्बन डायऑक्साइड ११, कार्बन मोनॉक्साइड २०, बाकी ६२ नायट्रोजन.

आधार म्हणून १०० किलोमोल वायू धरा (किलोमोल हे रेणू मोजायचं एकक; अणू मोजताना त्यालाच किलोअणू म्हणू). नायट्रोजन कुणाशी अभिक्रिया करत नाही आणि हवेशिवाय दुसरीकडून येत नाही, म्हणून तोच आपला साक्षीदार. ६२ किलोमोल नायट्रोजनबरोबर हवेतून ऑक्सिजनचे सुमारे ३३ किलोअणू आले. वायूत कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन मोजा: मोनॉक्साइडमध्ये २०, डायऑक्साइडमध्ये २२, एकूण ४२. मग उरलेले ९ आले कुठून? सिंटरमधून. त्यातले ७ जस्ताने सोडले, कारण जस्ताचा एक अणू मोकळा झाला की ऑक्सिजनचा एक सुटतो. बाकीचे २ शिशाच्या ऑक्साइडचे आणि लोहाच्या वरच्या ऑक्साइडचं खालच्यात रूपांतर होतानाचे. वरच्या सिंटरच्या आकड्यांवरून हे २ तपासून पाहा: शिशाचा साधारण १, लोहाचा साधारण १. जुळतं.

कार्बन पाहा. वायूत ३१ किलोअणू कार्बन, म्हणजे ३७२ किलो. जस्त ७ किलोमोल, म्हणजे ४५८ किलो. एक किलो जस्ताला ०.८१ किलो कार्बन. भट्टीवरच्या माणसांच्या बोलण्यात हे गुणोत्तर रोज येतं. तुमच्या ताळेबंदात ते १.५ निघालं तर मॉडेल पुढे नेऊ नका, चूक आधीच झालेली आहे.

आता इथला खड्डा. प्रत्यक्षात वायूचं पृथक्करण बहुधा कंडेन्सरच्या पुढे होतं, कारण माथ्यावर नमुना घ्यायला नळी घातली की जस्त तिच्यातच गोठतं. म्हणजे अ‍ॅनालायझर जे दाखवतो ते जस्त वगळून. आपल्याच उदाहरणात तो डायऑक्साइड ११.८, मोनॉक्साइड २१.५ आणि नायट्रोजन ६६.७ दाखवील. हे आकडे तसेच माथ्यावरचे म्हणून भरले की पुढचं सगळं सरकतं. पण गंमत अशी, की अ‍ॅनालायझरला न दिसणारं जस्त ताळेबंदाला दिसतं. तोच हिशेब उलटा करा: ऑक्सिजन ४५.१, हवेतला ३५.५, फरक ९.६, तो १.२९ ने भागला की जस्त वगळलेल्या १०० किलोमोल वायूमागे साधारण ७.५ किलोमोल जस्त. १.२९ कुठून आले? वरच्या ९ भागिले ७ मधून.

इतक्यात खूश होऊ नका. अ‍ॅनालायझरने डायऑक्साइड ११.८ ऐवजी १२.३ दाखवला आणि नायट्रोजन 'बाकी' म्हणून काढला, तर जस्त ७.५ वरून ८.५ वर जातं. अर्ध्या टक्क्याच्या चुकीने जस्तात १३ टक्क्यांची चूक! म्हणून पहिल्या दिवशी अ‍ॅनालायझरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं ते विचारा. उत्तर देताना समोरचा जरा थांबला तर काय समजायचं ते समजा.

पायरी ३: समतोल, या भट्टीचा आत्मा

सगळं प्रकरण एका अभिक्रियेवर उभं आहे:

झिंक ऑक्साइड + कार्बन मोनॉक्साइड ⇌ जस्ताची वाफ + कार्बन डायऑक्साइड

ती दोन्हीकडे जाते. तापमान जास्त तर उजवीकडे, कमी तर डावीकडे. समतोल स्थिरांकासाठी कामचलाऊ सूत्र असं: त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम म्हणजे १३.४२ वजा (२१,३८० भागिले केल्विनमधलं तापमान). एक हजार अंश सेल्सिअसला स्थिरांक ०.०३४ येतो, ९५० ला ०.०१७, ११०० ला ०.११६. पन्नास अंश उतरलं की निम्मा. भट्टी माथ्याबद्दल एवढी हळवी का, ते याच आकड्यांत आहे.

आता आपला वायू बघा. जस्त ०.०७ गुणिले डायऑक्साइड ०.११, भागिले मोनॉक्साइड ०.२०: ०.०३८५. कोणत्या तापमानाला स्थिरांक एवढा होतो? साधारण १२८२ केल्विन, म्हणजे १००९ अंश सेल्सिअस. हा या वायूचा लक्ष्मणरेषेचा आकडा. वायू याच्या वर असेपर्यंत जस्त वाफ म्हणून सुरक्षित, खाली गेला की परतीचा प्रवास सुरू.

म्हणून माथ्यावर थोडी हवा सोडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे वेडेपणाचं वाटलं. हवा सोडली की मोनॉक्साइड जळणार, डायऑक्साइड वाढणार, म्हणजे जस्ताचा शत्रू आपणच वाढवतो की! पण करून पाहा. २० पैकी १ किलोमोल मोनॉक्साइड जाळा. हवेबरोबर आलेला नायट्रोजन धरून लक्ष्मणरेषा १००९ वरून साधारण १०१८ वर जाते. नुकसान ९ अंशांचं. त्याच वेळी ज्वलनातून २८३ मेगाज्यूल उष्णता मिळते, आणि हवा थंडच सोडली तरी वायूचं तापमान ६० अंशांच्या आसपास चढतं. नऊ देऊन साठ घेतले. हा हिशेब स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका; नंतर नियंत्रणकक्षात कुणी 'टॉप एअर' म्हटलं की पन्नास मिनिटांचं भाषण ऐकावं लागणार नाही.

अचूक आकड्यांसाठी एचएससी केमिस्ट्री किंवा फॅक्टसेज ही समतोल काढणारी सॉफ्टवेअर वापरा. फक्त एक ध्यानात घ्या: ही सॉफ्टवेअर सगळ्या भट्टीचा एकदम समतोल काढतात, आणि कोक समोर असेल तर डायऑक्साइड जवळपास संपवूनच टाकतात. खऱ्या भट्टीत तसं होत नाही, कारण माथ्याजवळ कोक डायऑक्साइडशी सावकाश वागतो. तो सावकाश वागावा अशीच इच्छा असते, म्हणून इथे कमी क्रियाशील कोक पसंत करतात. तेव्हा समतोल काढताना कार्बन वगळून फक्त वायू आणि ऑक्साइड ठेवून बघा.

पायरी ४: भट्टी आडवी चिरा

आता भट्टीचे वरपासून खालपर्यंत ५० ते १०० आडवे काप करा. प्रत्येक कापात घन पदार्थ वरून येतात, वायू खालून. प्रत्येकासाठी तोच हिशेब: आलं किती, गेलं किती, अभिक्रियेने बदललं किती, उष्णता कुणाकडून कुणाकडे गेली. अज्ञात साधारण आठ-दहा: वायूचं तापमान, घनाचं तापमान, जस्ताची वाफ, मोनॉक्साइड, डायऑक्साइड, घनातला झिंक ऑक्साइड, लेड ऑक्साइड, कार्बन. नायट्रोजन ट्युअरपासून माथ्यापर्यंत तसाच राहतो.

अडचण सीमांची. घनाबद्दल माहिती आहे ती वर, वायूबद्दल आहे ती खाली. एका टोकाकडून सरळ गणित करत जाता येत नाही. साय्पाय या पायथनच्या गणिती संचात अशा दोन टोकांच्या प्रश्नांसाठी तयार फंक्शन आहे, पण सुरुवातीचा अंदाज वाईट असला की ते रुसतं. माझा सल्ला: आधी घनाचं तापमान अंदाजे धरा, खालून वर वायू सोडवा, मग तो वायू धरून वरून खाली घन सोडवा, असं फिरत राहा. दर फेरीला नवं उत्तर पूर्ण स्वीकारू नका, जुन्यात नव्याचा पाचवा हिस्सा मिसळा. हळू चालेल, पण उधळणार नाही.

अभिक्रियांचे वेग लिहिताना मी एक चूक केली होती, आणि ती शोधायला तीन आठवडे गेले. झिंक ऑक्साइडच्या क्षपणाचा वेग कधी कधी ऋण येत होता. ऋण वेग म्हणजे बग, असं समजून मी 'शून्याहून कमी असेल तर शून्य' अशी ओळ टाकली. मॉडेल लगेच शहाण्यासारखं वागू लागलं, फक्त माथ्याशी जस्त हवं त्यापेक्षा जास्त दिसायचं. तो ऋण वेग म्हणजेच जस्ताचं पुन्हा ऑक्साइड होणं! वरून पडणारा सिंटर वायूपेक्षा थंड असतो. त्याच्या ढेकळांवर थोडं जस्त ऑक्साइड होऊन बसतं, ढेकळांबरोबर खाली उतरतं आणि पुन्हा वाफ होतं. भट्टीत हे चक्र सतत चालू असतं, आणि माझ्या एका ओळीने ते मारून टाकलं होतं.

चक्र नीट चाललं की एक खूण दिसते. मधल्या भागात बराच उंचीभर वायूचं तापमान जवळजवळ सपाट राहतं, हजार अंशांच्या थोडं इकडेतिकडे, कारण तिथे वायू समतोलाला चिकटून चालतो. तुमच्या आलेखात ही सपाटी नसेल, तर उष्णता-देवघेवीचा गुणांक किंवा क्षपणाचा वेग कुठेतरी चुकलाय.

पायरी ५: कंडेन्सरला वेगळी फाइल

कंडेन्सर भट्टीच्या मॉडेलमध्ये कोंबू नका. तिथे शिसं साधारण ४४० अंशांना आत येतं, ५५० च्या आसपास बाहेर जातं. आत येताना त्यात जस्त २.१५ टक्के, जाताना २.४. बाहेर ते थंड केलं की जादाचं जस्त सुटून वर तरंगतं, कारण थंड शिशात जस्त कमी विरघळतं. फरक पाव टक्क्याचा, म्हणजे एक टन जस्तामागे ४०० टन शिसं फिरवायचं. हा आकडा ऐकून कुणीही दचकतं.

पण उष्णतेच्या बाजूने पडताळा घ्या. ४०० टन शिसं ११० अंशांनी तापायला सुमारे ६.४ गिगाज्यूल. एक टन जस्त निववून द्रव व्हायला साधारण २, आणि त्याच्याबरोबरचा बाकी वायू १०३० वरून ४५० वर आणायला साधारण ४. बेरीज ६ च्या घरात. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळपास एकाच जागी पोचलो. आणि हेही कळलं, की शिशाचा बहुतेक श्रम जस्तासाठी नव्हे, बाकी वायू थंड करण्यात जातो. वायूत जस्ताचा टक्का वाढवता आला तर कंडेन्सरवरचा भार किती उतरेल, हा याच फाइलवरचा पहिला चांगला प्रयोग.

पायरी ६: स्लॅग

इथे थोडक्यात. स्लॅग म्हणजे मुख्यतः लोह ऑक्साइड, चुना आणि सिलिका, आणि त्यात अडकलेलं जस्त, बहुधा ६ ते ८ टक्के. ते कमी करायला क्षपण वाढवावं, तर लोह ऑक्साइडचं धातुरूप लोह होऊ लागतं आणि ते तळाशी गोठून बसतं. तेव्हा जस्ताची थोडी नासाडी जाणूनबुजून सोसावी लागते. मॉडेलमध्ये स्लॅगसाठी एक समतोल पुरे: द्रवातला झिंक ऑक्साइड, त्याची क्रियाशीलता (कोकची नव्हे; मिश्रणात असताना तो प्रत्यक्षात किती प्रमाणात असल्यासारखा वागतो तो आकडा), आणि ट्युअरजवळचा वायू. क्रियाशीलतेचे आकडे फॅक्टसेजमधून घ्या, स्वतः गुणांक बनवत बसू नका.

पायरी ७: भट्टीच्या आकड्यांशी गाठ

कारखान्याकडून आकडे मिळाले की सगळे एकदम ओतू नका. भट्टी बंद-चालू झालेले, सिंटर बदललेले, वायुनळी साफ करायला थांबलेले तास बाजूला काढा. ज्या पाळीत भट्टी शांत होती ती निवडा. सिंटरचं पृथक्करण आणि त्याच सिंटरचं जस्त यांच्यात काही तासांचं अंतर असतं, ते सरकवून घ्या. मग जुळवायला फक्त दोनच गुणांक मोकळे सोडा: माझ्या मते घन-वायू उष्णता-देवघेव आणि कोकची क्रियाशीलता. दहा गुणांक मोकळे सोडले तर कुठलंही मॉडेल कुठल्याही भट्टीशी जुळतं.

भट्टीच्या भिंतींवर आणि कंडेन्सरच्या तोंडाशी ऑक्साइडचे थर चढत जातात. त्यामुळे सफाईनंतरच्या पहिल्या दिवशी जुळलेलं मॉडेल काही दिवसांनी सरकतं. हा दोष मॉडेलचा नाही. थराची जाडी त्याला कुणी सांगितलेलीच नसते. उलट, सरकण्याचा वेग नोंदवून ठेवलात तर सफाई कधी लागेल याचा अंदाज येऊ शकतो.

आकडे गोळा करायला स्वतः जाणार असाल तर मोनॉक्साइडचा मापक खिशाला लावल्याशिवाय माथ्याच्या मजल्यावर चढू नका, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय चहा घेऊ नका. शिसं अंगात हळूहळू साठतं.

सगळं जुळलं की पहिला उपयोगी आलेख एकच: दर तासाला माथ्याचं मोजलेलं तापमान वजा त्याच तासाच्या वायूची लक्ष्मणरेषा. आपल्या उदाहरणात माथा १०३० अंशांना धरला तर १०३० वजा १००९, म्हणजे २१ अंश. शून्याच्या जवळ गेला की कंडेन्सरमध्ये भुकटी वाढलेली दिसते का, ते मागच्या महिन्याच्या नोंदवहीशी ताडून पाहा. आणि तो आलेख पडद्यावर लावण्याआधी रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा, की त्याला हा आकडा अंशांत हवा की 'हवा वाढव, हवा कमी कर' असा. आमच्याकडे त्याने तिसरंच सांगितलं: रेषा लाल होईल तेव्हा भोंगा नको, आधीच फार भोंगे आहेत.